बिलांच्या प्रणालीत भवितव्य आहे का?

प्रश्न : मी ठाण्यात वागळे इस्टेटमधील एका लहान कंपनीत सात वर्षांपासून सॉफ्टवेअर अभियंता आहे. घाऊक वितरकांसाठी बिलिंग, साठा आणि उधारी-वसुलीची प्रणाली आम्ही तयार करतो. ऐरोली-महापेच्या मोठ्या कंपन्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारे मित्र ‘अजून बिलेच छापतोस का?’ असे विचारतात. या कामाला भवितव्य आहे का? शिवाय आमची जुनी प्रणाली संपूर्ण नव्याने लिहावी असा माझा आग्रह आहे, पण मालक तयार नाहीत. त्यांचे बरोबर आहे का?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : बिल छापणे हा आपल्या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेल आणि शाम्पू यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा वस्तूच्या नोंदीतला १८ पुसून ५ लिहिले की झाले, असे अनेकांना वाटले असेल. परंतु ऑगस्टमध्ये विकलेली तेलाची पेटी दुकानदाराने ऑक्टोबरमध्ये परत केली, तर तिची क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद, मूळ बिलाच्या १८ टक्के दरानेच निघाली पाहिजे. म्हणून प्रत्येक दरासोबत तो कधीपासून कधीपर्यंत लागू आहे हे ठेवावे लागते, आणि बिल करताना लागलेला दर त्या बिलाच्या ओळीतच कायमचा नोंदवावा लागतो.

झालेली नोंद पुसायची नाही, चूक असेल तर उलट नोंद करून ती दुरुस्त करायची, ही जुन्या हिशोबनिसांची शिस्त माझ्या मते या क्षेत्राचा पाया आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणे कायद्यानेही बंधनकारक झाले आहे, आणि तो माग बंद करता येता कामा नये.

पुढे जायचे असेल तर नवीन प्रोग्रामिंग भाषेच्या आधी जमाखर्च शिका, आणि ग्राहकाच्या गोदामात दिवसभर उभे राहा. मालासोबत आलेल्या चलनावर शंभर पेट्या असतात, टेम्पोतून सत्त्याण्णव उतरतात. कमी आलेला माल नोंदवायला पडद्यावर जागा नसली की गोदामातला माणूस नाइलाजाने शंभर टाकतो आणि तीन पेट्यांची तूट स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. महिनाअखेरीस साठा जुळत नाही, आणि खापर त्याच्यावर फुटते. ती वही मागून घ्या आणि पानन् पान वाचा. ती तूट पुरवठादाराच्या खात्यावर टाकायची की वाहतूकदाराच्या, हे त्यांच्या आपसांत तोंडी ठरलेल्या बोलीवर ठरते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पडद्याचा कोड झटपट लिहून देतील, आणि ती आपण जरूर वापरावीत. मात्र ही बोली कोणीतरी जाऊन विचारल्याशिवाय त्यांनाही कळणार नाही. ती विचारणाऱ्या आणि नियमांत नेमकी बसवणाऱ्या अभियंत्याला मागणी राहील, याविषयी मला शंका नाही. सात वर्षांत आपल्याला ग्राहकाशी बोलूच दिले नसेल, तर मात्र नोकरी बदला. क्षेत्र बदलू नका. मोठ्या कंपन्यांत ईआरपीची, म्हणजे खरेदी, साठा, हिशोब असे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीची, कामे करणाऱ्यांना हेच ज्ञान लागते.

दुसऱ्या प्रश्नात मी मालकांच्या बाजूचा आहे. जुन्या कोडमधील विचित्र वाटणारी प्रत्येक अट बहुधा कोणत्या तरी ग्राहकाच्या खऱ्या अडचणीतून आलेली असते, आणि ती अन्यत्र कोठेही लिहिलेली नसते. सगळे एकदम नव्याने लिहिताना अशा अटी गळून पडतात व ग्राहकाचे दुकान अडते. त्याऐवजी उधारी-वसुलीचा एकच भाग नव्याने लिहा, दोन-तीन महिने जुना आणि नवा असे दोन्ही सोबत चालवा, आणि प्रत्येक दुकानदाराची येणे बाकी रोज रात्री ताडून पाहा. एक रुपयाचाही फरक आला तर त्याचे कारण सापडेपर्यंत जुना भाग बंद करू नका. मालकांपुढे एवढाच प्रस्ताव ठेवा. मार्चअखेरीच्या धांदलीत नको, दिवाळीच्या हंगामातही नको, जून-जुलैमध्ये सुरुवात करा.