कोरगूट, साळ नदी आणि तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, जीवशास्त्राची आवड आहे. म्हापशातले कॅथलिक संस्थेचे कॉलेज आम्हाला जवळ पडते. लहान कॉलेजात संशोधनाची संधी मिळते का? आणि धर्मशिक्षणाची सक्ती तर नसते ना?
— एक पालक, डिचोली

उत्तर : सक्तीची काळजी सोडा. राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत संमतीवाचून कोणालाही धर्मशिक्षणाला बसवता येत नाही; विद्यार्थी सज्ञान नसेल तर ती संमती पालकांची लागते. म्हापशाचे सेंट झेवियर्स 1963 चे, नुव्याचे कार्मेल 1964 चे. गोवा विद्यापीठ 1985 मध्ये आले, त्याच्या कितीतरी आधीपासून सगळ्या धर्मांची मुले अशा कॉलेजांत शिकत आली आहेत.

संशोधनाची चौकशी मात्र प्रवेशाआधी विभागात जाऊन करा. चौथे वर्ष 'संशोधनासह ऑनर्स' म्हणून घ्यायचे तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत आणि विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. लहान विभागात घोडे अडते ते या दुसऱ्या अटीवर. असे प्राध्यापक किती आहेत, हे थेट विचारा; विचारण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या स्टार कॉलेज योजनेचे अनुदान मिळते का, तेही विचारा, कारण पदवीच्या प्रयोगशाळेतली रसायने आणि उपकरणे त्यातून येतात. मग मागच्या वर्षांचे प्रकल्प अहवाल पाहायला मागा. नोंदवहीतली मूळ मोजमापे अहवालाला जोडलेली असतील तर तिथे मनापासून काम होते असे समजा. नुसतेच रंगीत आलेख असतील तर सावध राहा. मुंबईच्या सेंट झेवियर्समधला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह एका कॉलेजच्या विभागातच उभा राहिला आणि आज पश्चिम भारतातल्या वनस्पती ओळखायला अभ्यासक तिथे जातात. त्यामुळे कॉलेज लहान म्हणून नाकारू नका.

प्रश्न : खाजनातले (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीतले) कोरगूट भात आणि जया ही सुधारित जात यांची मिठाच्या पाण्यात उगवण तपासत आहे. 100 मिलिमोलर (द्रावणातल्या मिठाच्या तीव्रतेचे एकक) द्रावणात एका डिशमध्ये 25 पैकी 22 दाणे रुजले, शेजारच्या डिशमध्ये 13. दोन जातींत तर फरकच दिसत नाही. प्रकल्प फसला का?
— तृतीय वर्ष वनस्पतिशास्त्र, मडगाव

उत्तर : फसलेला नाही. भात रुजताना मीठ बऱ्यापैकी सोसते; ते नाजूक असते कोवळ्या रोपाच्या अवस्थेत आणि पुढे फुलोऱ्यात. म्हणून कोरगुटाचा खारेपणा सोसण्याचा गुण नुसत्या उगवणीत दिसेलच असे नाही. प्रयोग रोपांपर्यंत न्या. दाणे साध्या पाण्यात रुजवा, मग रोपे पोषक द्रावणात लावा, आधी सुमारे 60 मिलिमोलर मीठ द्या आणि तीन दिवसांनी 120 करा. दोन आठवडे पानांचे करपणे, मुळांची लांबी आणि सुके वजन नोंदवा. द्रावणाचा पीएच रोज 5 च्या आसपास आणा. तो चढला की लोह मिळेनासे होते, नवी पाने पिवळी पडतात आणि दोष मिठावर जातो. बिनमिठाची तुलनेची रोपेही पिवळी पडली तर कारण हेच.

आता डिशमधल्या तफावतीकडे वळू. पहिला संशय बाष्पीभवनावर घ्या. डिशमध्ये 5 मिली द्रावण आहे आणि 1 मिली उडाले, तर मीठ सगळे मागे राहते आणि 100 चे 125 मिलिमोलर होते. पंख्याखालची डिश आधी सुकते. दाणे ठेवून झाल्यावर प्रत्येक डिशचे वजन करा, कडा पॅराफिल्मने (ताणून चिकटवायच्या मेणासारख्या पट्टीने) बंद करा, रोज वजन करा आणि जेवढे घटले तेवढे डिस्टिल्ड पाणी घाला. मिठाचे द्रावण पुन्हा घालू नका. नेमकी ही चूक बहुतेक अहवालांत सापडते. डिशच्या जागाही रोज बदला.

दुसरा संशय बियाण्यावर. नुकत्याच कापलेल्या भातात सुप्तावस्था असते, दाणा जिवंत असूनही रुजत नाही. ओव्हनमध्ये 50 अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवले की ती मोडते. दोन्ही जातींचे बी एकाच हंगामातले घ्या. बुरशी येत असेल तर दाणे 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये 10 मिनिटे ठेवा आणि डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धुवा.

मिठात न रुजलेले दाणे फेकू नका. धुऊन साध्या पाण्यात ठेवा. रुजले तर मिठाने फक्त पाणी शोषण्यात अडथळा आणला होता. नाही रुजले तर दाणा मेला. याच एका पायरीवर दोन जातींत फरक निघू शकतो.

हिशेबात एक लक्षात ठेवा : चार डिशमध्ये 25-25 दाणे म्हणजे चार नमुने, शंभर नव्हेत. शंभर धरले की नसलेला फरकही ठळक दिसतो.

प्रश्न : साळ नदीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन आम्ही दर शनिवारी सकाळी 9 वाजता मोजतो. आकडे एका आठवड्याला चढतात, दुसऱ्याला उतरतात. आमची विंकलर पद्धत (ऑक्सिजन रसायनांनी मोजण्याची) चुकते आहे का?
— रसायनशास्त्राचे विद्यार्थी, सासष्टी

उत्तर : पद्धतीआधी भरती-सुकती बघा. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तास. या शनिवारी 9 वाजता भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी सुकती. तुम्ही आलटून पालटून समुद्राचे आणि नदीचे पाणी मोजत आहात. भरतीचे कोष्टक पाहून भरतीच्या त्याच टप्प्यावर नमुना घ्या आणि प्रत्येक वेळी क्षारता (पाण्याचा खारेपणा) व तापमानही मोजा. 30 अंशांना गोडे पाणी लिटरला साधारण 7.5 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते, समुद्राचे 6.2 च्या आसपास; क्षारतेवाचून नुसता आकडा काहीच सांगत नाही.

बाटली भरून कॉलेजात आणत असाल तर तेही थांबवा, कारण वाटेत जिवाणू ऑक्सिजन वापरतात. 300 मिलीच्या बाटलीत मॅंगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी 1 मिली नदीकाठीच घाला, पिपेटचे टोक पाण्याखाली धरून, आणि बुडबुडा न ठेवता बूच लावा. गाळ तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. खाऱ्या पाण्यात गाळ बसायला वेळ लागतो, घाई करू नका. सल्फ्युरिक आम्ल 1 मिली घातल्यावर 201 मिली घेऊन टायट्रेट केले (थेंबथेंब थायोसल्फेट घालून मोजले) की 0.025 नॉर्मल थायोसल्फेटचा प्रत्येक मिली म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन. थायोसल्फेट ठेवून ठेवून कमजोर होते. ते डायक्रोमेटने पुन्हा प्रमाणित केल्याशिवाय त्या दिवसाचे आकडे वहीत पक्के करू नका.