मायनक्राफ्टमधला कोळसा पुरत नाही

प्रश्न: भाऊ, मायनक्राफ्ट गेममधे लोखंड वितळवता वितळवताच माझा सगळा कोळसा संपून जाते, काहून?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: अरे एका कोळशात 8 नग वितळून निघतात, तू दोन-तीनच टाकून जात असशील, मग भट्टीत काही नसलं तरी पेटलेला कोळसा जळतच राहतो. म्हणून 8, 16, 24 असेच टाक. आख्खा ओंडका जाळला तर दीडच नग, त्याच्या 4 फळ्या केल्या तर 6, पण खरं भारी म्हणजे ओंडके भट्टीत भाजून लाकडी कोळसा बनव, तोही 8 नग काढतो. लाव्ह्याची बादली 100 काढते, फक्त भट्टीत एका वेळी 64च मावतात, म्हणून 64 झाले की ते उचलून उरलेले 36 लगेच टाक. रिकामी बादली परत भेटते बरं, ती घेऊन घे!