माकडांच्या तपासणीत नवीन आहेस? आधी एवढं पक्कं कर

रुजू झालीस, मनापासून अभिनंदन! पुण्याला या कामाची जुनी ओळख आहे. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा त्यामागचा विषाणू इथल्याच संस्थेने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था), शोधला.

सुरुवातीला माकडांतल्या विषाणूंची चारच नावं घोटून घे: बी विषाणू (हर्पिसच्या कुळातला), आणि एसआरव्ही, एसआयव्ही, एसटीएलव्ही (हे तिन्ही रेट्रोव्हायरस, म्हणजे एचआयव्हीच्या कुळातले).

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे एका निगेटिव्ह रिपोर्टवर नवं माकड कळपात सोडणं. ताज्या लागणीत प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार व्हायला आठवडे लागतात, म्हणून विलगीकरणात ठेवून पुन्हा पुन्हा तपास. एसआरव्ही तर फारच फसवा. काही माकडांत विषाणू असूनही प्रतिपिंडं दिसत नाहीत, तिथे एलायझासोबत (प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) हवीच. बी विषाणूचं उलट आहे. तो नसांच्या गाठींत दडतो, लाळेत अधूनमधूनच उतरतो, त्यामुळे निगेटिव्ह पीसीआरवर विसंबू नकोस. प्रतिपिंडं सापडली, की ते माकड जन्मभर बाधित समज.

नळीवर प्राण्याचा क्रमांक रक्त काढण्याआधी लिही.

आणि स्वतःला जप, हे कळकळीने सांगते:
- डोळ्यांचं संरक्षण कधीच काढू नकोस. 1997 मध्ये अमेरिकेत डोळ्यात शिंतोडा उडून एक तरुण संशोधक बी विषाणूने दगावली.
- चावा, ओरखडा, शिंतोडा काहीही झालं तरी लगेच 15 मिनिटं धू, मग थेट डॉक्टर. माकड धडधाकट दिसत होतं म्हणून थांबायचं नाही.
- घरात गोवर असेल तर कामावर येऊ नकोस, माकडांना तो आपल्याकडून होतो.

सिक्वेन्सिंगचं, म्हणजे विषाणूचा जनुकीय क्रम वाचण्याचं, पुढच्या वर्षी बघू.