ट्रान्स बाईनं हार्मोन सुरू केल्यावर वजनाचं काय होतं

अगं, तीन महिन्यांत अडीच किलो वाढले म्हणून उपास धरू नकोस. इस्ट्रोजेननं, म्हणजे बायकी हार्मोननं, चरबी साठायची जागा बदलते: मांड्या, नितंब, छाती. पोटावरची जुनी चरबी काही उठून तिकडे जात नाही. नवी साठते ती नव्या जागी. फरक ३ ते ६ महिन्यांत जाणवायला लागतो, पुरता बसायला २ ते ५ वर्षं लागतात. स्नायू मात्र आधी उतरतात. पहिल्याच वर्षी भरलेली कळशी मला ओट्यापर्यंत नेता येईना, उंबऱ्यावरच टेकवावी लागली. तेव्हा फार रडले होते मी.

काटा रोज बघू नकोस. महिन्यातून एकदा कंबर आणि नितंब टेपनं मोज, वहीत लिही. कळण्याची भाकरी, भरीत खुशाल खा, तेलाचा हात जरा आवर.

आणि केळी. जळगावची तू, घरात घड असणारच. गोळ्यांत स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोन दाबणारं औषध) असेल तर ते अंगात पोटॅशियम धरून ठेवतं, केळ्यातही तेच असतं, मग रक्तात ते जास्त होऊ शकतं. किती खायची ते डॉक्टरांना विचार, रक्ततपासणी चुकवू नकोस.

लवकर अंग भरावं म्हणून इस्ट्रोजेनच्या जास्तीच्या गोळ्या कुणी सांगितल्या तरी घेऊ नकोस. रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. एकच पोटरी सुजून दुखली किंवा एकदम दम लागला, तर ते वजन नव्हे. त्याच घडीला दवाखाना गाठ, रात्र असली तरी मला उठव.

भुसावळला येशील तेव्हा वही आण.