त्र्याऐंशीव्या मिनिटाचा प्रश्न

प्रश्न : ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झालेला भारत-कोलंबिया हा १७ वर्षांखालील विश्वचषकातला सामना मी अलीकडेच पुन्हा पाहिला. ८२व्या मिनिटाला आपण बरोबरी साधली आणि लगेच ८३व्या मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेऊन सामना २-१ असा जिंकला. आमच्या पेठेतील जाणत्या मंडळींचे म्हणणे असे की, पोरे जल्लोषात भान हरपली आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. हे खरे मानावे काय? आणि तिन्ही सामने हरलेल्या संघाचे इतके कौतुक कशासाठी? आमच्या अनिकेत जाधवचा त्या संघात समावेश होता, म्हणून विचारतो.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पेठेतील मंडळींनी जे पाहिले ते खोटे नाही, मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

आधी तो क्षण पाहू. संजीव स्टॅलिनने कॉर्नर घेतला, उंचापुऱ्या जिक्सन सिंगने गर्दीतून सर्वांच्या वर झेप घेतली आणि चेंडू डोक्याने थेट जाळ्यात धाडला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारताने केलेला तो पहिला गोल. मणिपूरचा हा मुलगा अमेरिकेविरुद्धच्या सलामीच्या लढतीत खेळला नव्हता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी अशा वेळी एकमेकांच्या अंगावर उड्या मारू नयेत, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शिवाय खेळाच्या नियमानुसार गोल झाल्यावर चेंडूला पहिली लाथ मारणारा खेळाडू वगळता दोन्ही संघांचे सर्व खेळाडू आपापल्या अर्ध्या भागात परतल्याखेरीज मध्यातून खेळ पुन्हा सुरू होत नाही. म्हणजे आपली मुले जल्लोष करत असताना कोलंबियाने डाव साधला, असे घडलेले नाही. मुले जागेवर परतली होती. मात्र परतलेली फळी विस्कळीत होती, हे मान्य केलेच पाहिजे. बाजूने आलेला चेंडू गोलच्या तोंडाशी कोलंबियाच्या हुआन पेन्यालोझापर्यंत पोहोचला तेव्हा त्याच्याजवळ अडवायला कोणी नव्हते आणि सामनाभर एकामागून एक फटके थोपवणाऱ्या आपल्या गोलरक्षक धीरज सिंगला तेथे करण्यासारखे काही उरले नव्हते.

आता तिन्ही सामन्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत, अशी माझी विनंती आहे. ६ ऑक्टोबरला अमेरिकेविरुद्ध आपण ०-३ असे हरलो आणि त्यातला तिसरा गोल ८४व्या मिनिटाला झाला. अन्वर अलीचा फटका गोलच्या आडव्या खांबावर आदळून परत आला आणि त्याच पळापळीत प्रतिहल्ल्यावर तो गोल बसला. कोलंबियाचा दुसरा गोल ८३व्या मिनिटाचा. १२ ऑक्टोबरला घानाविरुद्ध आपण ०-४ असे हरलो, त्यातले शेवटचे दोन गोल ८६व्या आणि ८७व्या मिनिटाला, लागोपाठ झाले. घानाविरुद्ध तर जल्लोष करण्यासारखे काही घडलेच नव्हते. तिन्ही सामन्यांत साधारण त्याच सुमारास संघ ढासळत असेल, तर दोष आनंदाच्या एका मिनिटावर टाकता येणार नाही. त्याआधीच्या ८० मिनिटांकडे आणि त्याहीआधीच्या दोन-तीन वर्षांकडे पाहावे लागते.

प्रशिक्षक लुईस नॉर्टन द मातोस यांनी कोलंबियाविरुद्ध आखलेला डाव योग्यच होता, असे माझे मत आहे. आपल्याहून सरस संघासमोर चेंडूचा ताबा सोडायचा, दोन्ही फळ्या जवळ जवळ ठेवायच्या आणि संधी मिळताच उसळून वर जायचे, असा तो डाव होता. तो जवळजवळ साधलाही. अभिजित सरकारला सुरुवातीलाच नामी संधी मिळाली होती आणि पूर्वार्ध संपता संपता राहुल कन्नोली प्रवीणचा जोरदार फटका खांबाला लागून बाहेर आला. तो फटका वीतभर आत असता, तर मध्यंतराला भारत विश्वचषकात आघाडीवर असता! पण बिनचेंडूची धाव फार दमवते. चेंडू असलेला संघ आपल्या मर्जीने धावतो, नसलेल्याला समोरच्याच्या मर्जीने धावावे लागते, आणि ४९व्या मिनिटाला पेन्यालोझाने पहिला गोल केल्यानंतर तर मुलांना बचाव सांभाळून बरोबरीसाठी पुढेही पळायचे होते. दमलेल्या माणसाचे पाय थांबण्याआधी त्याचे लक्ष सुटते. कोल्हापुरात फुटबॉल खेळलेल्या कोणालाही हे समजावून सांगण्याची गरज नाही.

ही दमछाक सरावाने कमी होते, पण तो सराव नुसत्या धावण्याचा नव्हे, हरलो तर बाहेर अशा सामन्यांचा हवा. कोलंबियाचा संघ त्याच वर्षी चिलीत झालेल्या दक्षिण अमेरिकी स्पर्धेतून, ब्राझील, पॅराग्वे आणि यजमान चिली यांच्यासह पात्र ठरून आला होता. आपल्याला यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला. आदल्या वर्षी गोव्यात झालेली १६ वर्षांखालील आशियाई स्पर्धाही आपण यजमान म्हणूनच खेळलो. तेथे सौदी अरेबियाशी ३-३ अशी बरोबरी झाली आणि संयुक्त अरब अमिराती व इराण यांच्याविरुद्ध हार पत्करावी लागली. परदेश दौरे झाले, मैत्रीपूर्ण सामने पुष्कळ झाले, परंतु त्यांत ८०व्या मिनिटानंतर जीव मुठीत धरून खेळण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. त्यातच विश्वचषकाला काही महिने उरले असताना आधीचे प्रशिक्षक निकोलाय अ‍ॅडम यांच्या जागी मातोस आले. त्यांना जेवढा वेळ मिळाला, त्यात त्यांनी या मुलांना कोलंबियाच्या बरोबरीला आणून उभे केले. आपण विचारलेल्या कौतुकाचे कारण मला तेवढ्यातच सापडते, आणि ते कौतुक मी आजही मनापासून करतो.

अनिकेतविषयी सांगायचे तर कोल्हापूरकरांनी त्याचा अभिमान बाळगावाच. अमेरिकेविरुद्ध आघाडीच्या फळीत तो होता. कोलंबियाविरुद्ध बचावफळीत खेळलेला नमित देशपांडे हा अमेरिकेत वाढलेला मराठी आडनावाचा मुलगा. पुढच्याच वर्षी गोव्याचे बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखाली १६ वर्षांखालील संघ मलेशियातील आशियाई स्पर्धेत उतरला. तेथे यजमानपदाची सवलत नव्हती. व्हिएतनामवर १-० असा विजय, इराण आणि इंडोनेशिया यांच्याशी गोलशून्य बरोबरी, अशा तीन सामन्यांत त्याने एकही गोल स्वीकारला नाही. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून तो ०-१ असा हरला. तो सामना जिंकला असता तर २०१९च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आपण स्वतःच्या बळावर गेलो असतो.

सामना पुन्हा पाहणार असाल, तर ८२व्या मिनिटापासून सुरुवात करू नये. ७०व्या मिनिटापासून पाहावा, आणि चेंडूकडे न बघता आपली मधली फळी व बचावफळी यांच्यातले अंतर मिनिटागणिक किती वाढत जाते, एवढेच बघावे.