रोजच्या बारीकसारीक सवयींनी पुढे तब्येतीत खरंच फरक पडतो का?

हो, नक्की पडतो. आधी चहाचा हिशोब करून बघा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, साधारण ३२ ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बिस्किटाला हात लावायच्या आधीच आपण मर्यादा ओलांडलेली असते!

दुसरी सवय शतपावलीची, आणि माझा हिच्यावर फार विश्वास आहे. जेवणानंतर रक्तातली साखर चढते, तेव्हा चालताना पायांचे स्नायू ती ओढून घेतात, तेही इन्सुलिनवर फारसं अवलंबून न राहता. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललात तरी चालतं. वडिलांची साखर काठावर आली तेव्हापासून ते रात्री हात धुतले की चपला घालून गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारतात. आई आधी कुरकुरायची, आता तीच त्यांच्या आधी दारात उभी असते.

जमत असेल तर एक वेळचं जेवण खाली मांडी घालून करा आणि उठताना हात टेकू नका, मांड्यांची ताकद टिकते. गुडघे दुखत असतील तर मात्र हट्ट नको.