ड्युटी हिंगण्यात, पगार पेट्रोलमधी

प्रश्न : भाऊ, गाव सिंदी रेल्वेजवळ, काम हिंगणा एमआयडीसीत. रोज बाईकनं येणंजाणं करून कंबर गेली, अर्धा पगार पेट्रोलमधीच चाल्ला. खोली घ्यायची ऐपत नाही. काय करू?

उत्तर : बाप्पा, एवढं रोज बाईकनं, अन् पावसाळ्यात बी? गाडी स्टेशनवर लावा न रेल्वेचा महिन्याचा पास काढा, १५० किमीपर्यंत निघते तो, तुमचं तर त्याच्यात आरामात बसते. फक्त त्या पासवर रिझर्वेशनच्या डब्यात चढू नका, टीसीनं धरलं की महिन्याची बचत गेलीच समजा. नागपूर स्टेशनवरून मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन पकडा, ती सीताबर्डीवरून सरळ लोकमान्य नगरले जाते, गाडी बदलायची गरज नाही, अन् तिथून एमआयडीसी जवळच हाये. पुढं शेअर ऑटो नाहीतर कंपनीतल्या कोणाच्या मागं बसून जा.

खरी गोची नाइट शिफ्टची. मेट्रो रातभर चालत नाही, म्हणून सुपरवायझरले आधीच इचारून ठेवा. अन् ट्रेन लेट झाली तर? ते तर होतेच, एक गाडी आधीचीच धरत जा.

एसटी सोयीची पडत असंल तर तिचा बी पास हाये, २० दिवसाच्या भाड्यात ३० दिवस. वहिनी कामाले जात असतील तर त्यायले २०२३ पासून अर्धंच तिकीट लागते.